एका पैची रात्र

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला काळ कुठं चाललाय हे कळायला वर्तमानपत्र उघडावं लागत नाही. संध्याकाळी पाचनंतर स्टेशन रोडला येऊन उभं राहिलं की पुरे. १९६० साली सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथलंच आणि शासकीय तंत्रनिकेतनही इथलंच. त्याला तंत्रनिकेतन कुणी म्हणत नाही, सगळे पॉलिटेक्निकच म्हणतात. दोन्हीकडची पोरंपोरी सुटली की गोपाल टीच्या चौकापासून पीरबाजारापर्यंतचा रस्ता त्यांच्या आवाजानं भरून जातो. त्यांच्या तोंडचे शब्द बदलत गेलेले मी ऐकले आहेत. एकेकाळी ‘जीटी मारली का?’ एवढंच कानावर यायचं. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब लावायचा, काचेवर मित्राची पुरी झालेली ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर रेषा गिरवत बसायचं. नक्कलच ती, पण तेवढ्या रात्रीत प्रत्येक रेषेवरून हात एकदा तरी फिरायचा. पुढं ‘झेरॉक्स मार’ आलं, मग ‘नेटवरून घे’ आलं. आता एकच ऐकू येतं, ‘एआयला टाक ना.’ असाइनमेंट एआयला टाकायची, प्रोजेक्टचा रिपोर्ट एआयला टाकायचा, भाडं आठ दिवस उशिरा देतो असा घरमालकाला करायचा मेसेजसुद्धा त्यालाच लिहायला सांगायचा.

मला या पोरांचा राग येत नाही. यातली निम्मीअधिक जालना, परभणी, हिंगोली, बीडच्या खेड्यांतून आलेली असतात. घरी कापूस विकला जातो तेव्हा इथली फी भरली जाते. इंग्रजीत चार ओळींचा अर्ज लिहायचा म्हटलं की अशा मुलाच्या पोटात पूर्वी गोळा यायचा. आज तो मराठीत बोलतो आणि नीटनेटकं इंग्रजी त्याच्या हातात पडतं. डोकं तल्लख, हात कसबी, पण इंग्रजी नाही म्हणून मुलाखतीच्या दारातून परत आलेल्या मुलांच्या पिढ्या मराठवाड्यानं पाहिल्या आहेत. त्यांच्या वाट्याला हे साधन आलं असतं तर किती घरांचं भलं झालं असतं, हा विचार मनात येतो आणि जीव हळहळतो. त्यामुळे या यंत्राला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पण त्याच रस्त्यावर या मुलांचे आईवडीलही भेटतात. ॲडमिशनच्या दिवसांत गावाकडून आलेले, हातात कागदपत्रांची पिशवी. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. ‘पोराला शिकवायचं तरी काय आता? सगळं तर ते मशीनच करून देतंय म्हणतात.’ हा प्रश्न भाबडा नाही. मोठमोठ्या सभांमधून व्यक्तिमत्त्व विकास, नेतृत्व आणि नवनिर्मिती यांवर जी भाषणं होतात, ती या एका प्रश्नाला सहसा शिवत नाहीत. मी याचं उत्तर शोधायला लागलो की दरवेळी एकाच ठिकाणी पोचतो, आणि ते ठिकाण आमच्या उस्मानपुऱ्यातच आहे. संत एकनाथ रंगमंदिर.

रंगमंदिर ही आमच्या भागाची खूण. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तेच नाव आधी येतं. तिथून जाताना मला नाटकांच्या पाट्या दिसतात, पण मनात उभे राहतात ते नाथ, आणि तेही भागवतावर टीका लिहिणारे थोर नाथ नाहीत. वहीत डोकं घातलेला एक पोरगा दिसतो.

पैठणचा हा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला तो देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला पोचला. उस्मानपुऱ्यातून ते पंधरा-सोळा किलोमीटर. जनार्दनस्वामी तिथं निजामशाहीच्या चाकरीत किल्ल्याचा कारभार पाहत. एकनाथ त्यांच्याजवळ राहिले, आणि त्यांच्या वाट्याला जी सेवा आली ती हिशेब लिहिण्याची. पुढची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक कीर्तनात कधी ना कधी सांगितली जाते. एके दिवशी जमाखर्चाचा ताळा जुळेना. फरक अवघा एका पैचा. रात्र झाली, सगळे झोपले, नाथ दिवा लावून बसले. एकेक कलम परत तपासायचं, बेरीज परत मांडायची. स्वामींना जाग आली, ते मागं येऊन उभे राहिले, तरी याला पत्ता नाही. पहाटेकडं चूक सापडली आणि पोरगा आनंदानं टाळी वाजवून हसला. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद. हेच चित्त परमार्थाकडे लागलं तर?

कीर्तनकार इथं थांबतात आणि एकाग्रतेवर बोलतात. ते बरोबरच आहे. पण वय वाढलं तसं माझं लक्ष या गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाकडं जाऊ लागलं. स्वामी मुरलेले कारभारी होते. चूक कुठं असेल हे त्यांना दोन पानं चाळून कळलं असतं. ‘एका पैसाठी तेल कशाला जाळतोस, लिही खर्ची आणि झोप’ असंही म्हणता आलं असतं. ते गप्प राहिले. पोराच्या पाठीमागं उभे राहून पाहत राहिले आणि त्याची चूक त्याला सापडू दिली. नेतृत्व या विषयावर पुष्कळ वाचून झाल्यावरही मला यापेक्षा मोठा पाठ कुठं मिळालेला नाही. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानं शिकणाऱ्याची रात्र हिरावून घ्यायची नाही.

आता ती पै क्षणात सापडते. संगणकातला साधा तक्ताही दाखवून देतो. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं, आणि तेव्हापासून तर हिशेबच काय, हिशेबावरचं टिपणही तयार होऊन येतं. ही यंत्रं काय करतात हे एकदा नीट समजून घ्यायला हवं, कारण त्याभोवती फार धुकं आहे. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्यांना दाखवलेला असतो. शब्दांचे तुकडे करून, कुठल्या तुकड्यानंतर कुठला तुकडा येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधायला ती त्यातून शिकतात. एवढ्या साध्या पायावर जे उभं राहिलं आहे ते खरोखर थक्क करणारं आहे. पण त्यामुळेच ही यंत्रं चूकही बरोबर उत्तराच्याच सुरात सांगतात. आवाज चाचरत नाही, कपाळावर आठी येत नाही. नसलेलं पुस्तक, न झालेला निकाल, चुकलेली बेरीज, सगळं त्याच शांतपणे समोर येतं. तेव्हा ‘थांब, इथं काहीतरी खटकतंय’ असं म्हणणारा माणूस लागतो. आणि असं खटकणं विकत मिळत नाही. ज्यानं कधीतरी एका पैसाठी रात्र काढली आहे त्यालाच ते खटकतं.

हे मला पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपनं शिकवलं. पहिल्या वर्षाला फिटिंगचा जॉब असायचा. लोखंडी पट्टीचा एक तुकडा, तो चारही बाजूंनी कानशीनं घासून काटकोनात आणायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. व्हाइसमध्ये तुकडा पकडायचा, कडेवर मोरचुदाचं पाणी लावायचं, म्हणजे लोखंडावर तांबूस थर बसतो आणि त्यावर ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. मग कानस. कानस पुढं जाताना कापते, मागं येताना कापत नाही. मागं आणताना दाब दिला तर तिचे दात मरतात. उभं कसं राहायचं, डावा पाय पुढं किती, जोर खांद्यातून की मनगटातून, हे कुणी सांगून कळत नाही. नवख्याचा हात हलतो, त्यामुळे कडा कापल्या जातात आणि मधे पोट येतं. डोळ्यांना ते दिसत नाही. बोटानं कळत नाही. वाटतं, झाला जॉब.

मग सरांकडं जायचं. सर एका हातात तो तुकडा घेत, दुसऱ्या हातात गुण्या. गुण्या कडेला टेकवून दोन्ही एकत्र खिडकीच्या उजेडासमोर धरत आणि एक डोळा मिटून पाहत. लोखंड आणि गुण्या यांच्या मधून उजेडाची केसासारखी बारीक रेघ आली की जॉब परत. ‘उजेड दिसतोय,’ एवढंच म्हणत. किती घासायचं, कुठं घासायचं, एक अक्षर नाही. आपण परत व्हाइसवर. खांदे भरून येत, तळहाताला फोड येत, लोखंडाचा कीस नखांत बसे. पुन्हा रांगेत. ‘उजेड दिसतोय.’ असं होत होत एक दिवस मी त्यांच्याकडं जाण्याआधी स्वतःच खिडकीशी जाऊन तुकडा धरून पाहिला आणि मला उजेड दिसला. मी रांगेत न उभा राहता परत फिरलो. सर बघत होते. काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून ते माझ्या जॉबकडं निराळ्या नजरेनं पाहू लागले.

त्या तुकड्याचा उपयोग शून्य होता. भंगारात गेला असेल. कुठल्याही यंत्रावर तसा तुकडा काही मिनिटांत, कितीतरी जास्त अचूक निघतो, आणि तेव्हाही निघत होता. पण उजेड शोधायची सवय अंगात राहिली. कुणी सांगण्याआधी आपलं काम आपणच खिडकीशी नेऊन धरायचं, ही सवय. व्यक्तिमत्त्वाचा विकास म्हणतात तो माझ्या लेखी याहून फार निराळा नाही.

आमच्या शहरानं कारखानदारी जवळून पाहिली आहे. रेल्वे स्टेशनजवळची जुनी एमआयडीसी, मग चिकलठाणा, मग वाळूज. १९८५मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आधारानं सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो शेड उभ्या राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच शेडचे आजचे मालक कालचे ऑपरेटर आहेत. आयटीआय नाहीतर पॉलिटेक्निक, मग कुणाच्या तरी शेडमध्ये हेल्पर, मग लेथवर, मग सीएनसीवर सेटर, मग सुपरवायझर, आणि एक दिवस कर्ज काढून स्वतःची दोन मशीनं. हा रस्ता मराठवाड्यातल्या हजारो घरांनी चालून पाहिला आहे. सेटर झालेला माणूस मशीनच्या आवाजावरून सांगतो की टूल घासलंय. गेजला जॉब लावायच्या आधी त्याला कळतं की मायक्रॉन हलले. हे ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हतं. हेल्पर म्हणून झाडू मारता मारता, जॉब पुसता पुसता, रिजेक्शनचे तुकडे मोजता मोजता ते अंगात मुरलं.

माझी खरी काळजी इथं सुरू होते. आता कॅमेरा जॉब तपासतो, सेन्सर टूलची झीज सांगतो. ऑफिसात कोटेशन, पत्रं, ड्रॉइंगचा पहिला आराखडा एआय करून देतो. वकिलाकडं, सीएकडं, वर्तमानपत्रात, सॉफ्टवेअर कंपनीत, सगळीकडं नवख्याच्या हातात जे पहिलं काम दिलं जायचं तेच नेमकं यंत्राला सगळ्यात आधी जमू लागलं आहे. मालकाचं गणित सरळ आहे: शिकाऊ पोरगा चुका करतो, सुट्ट्या घेतो, दोन वर्षांनी सोडून जातो. यंत्र महिन्याच्या भाड्यात मिळतं. आजच्या पुरतं हे गणित बरोबर आहे. पण शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून टाकल्या तर वरच्या पायरीवर उद्या कोण असणार आहे? आज ज्यांच्या नजरेवर आपण एआयचं काम तपासून घेतो, ते सगळे त्या खालच्या पायऱ्यांवरूनच वर आले. ते निवृत्त होतील तेव्हा खटकायला कोण उरेल?

पूर्वी हा प्रश्न कुणाला पडायचा नाही, कारण दुसरा इलाजच नव्हता. हिशेब करायला माणूस लागायचा, म्हणून नवखा हिशेबाला बसायचा आणि बसता बसता शिकायचा. शिकणं हे कामाबरोबर फुकट मिळत होतं. आता कुणीतरी ठरवून, पदरमोड करून ते द्यावं लागणार आहे. माझ्या मते या काळातलं नेतृत्व म्हणजे हे ठरवणं. बाकीचं सगळं, धोरणं, सादरीकरणं, नवी सॉफ्टवेअरं, त्यानंतर येतं.

हे शहर ज्यानं वसवलं त्याचं आयुष्य याचीच साक्ष देतं. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगीझखान स्वतः हबशी, स्वतः गुलामीतून वर आलेला. त्याच्या पदरी अंबरनं वर्षानुवर्षं कारभार पाहिला, शिकला. धनी गेल्यावर मोकळा झाला, फिरला, स्वार जमवत गेला, आणि १६००च्या सुमाराला मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा बुडत्या निजामशाहीची सूत्रं त्याच्याच हाती आली. १६१०मध्ये त्यानं खडकी गावी राजधानी वसवली. तेच आजचं आपलं शहर. मालोजीराजे, शहाजीराजे यांच्यासारखे मराठा सरदार याच दौलतीत वाढले. १६२४ला भातवडीच्या लढाईत त्यानं तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीची दैना केली. पाण्याचं वळण ओळखणारा माणूस होता तो.

म्हणूनच त्यानं या कोरड्या गावाला पाणी दिलं. उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उताराच्या हिशेबावर, शहरात आणलं. ना पंप, ना वीज. जमिनीखाली कुठं किती खोल जायचं, उतार किती द्यायचा, वाटेत उसासे कुठं ठेवायचे, हे सगळं मोजून काढलेलं. नहर-ए-अंबरी म्हणतात तिला. नंतरच्या काळात तशाच आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचं जातं अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरायचं, आणि आजही तिथल्या भिंतीवरून पाणी कोसळताना बघायला लोक येतात. नवनिर्मिती हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर कुठली चकचकीत वस्तू येत नाही, ही जमिनीखालची मोजणी येते. तिची सुरुवात गावाच्या तहानेतून झाली. ज्याच्याकडं उतार मोजायचं कसब होतं त्याला ती तहान दिसली. आणि त्या माणसाला ते कसब यावं म्हणून कुणीतरी एके काळी एका गुलाम पोराला कारभाराच्या वह्यांजवळ बसू दिलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

याच शहरात बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये महाविद्यालय सुरू केलं, पुढं ते मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. ज्यांच्या घरात आधी कुणी शाळा पाहिली नव्हती अशी मुलं त्याच्या नागसेनवन या परिसरात येऊन राहिली आणि शिकली. तिथंच शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७पासून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं, आणि ज्यांच्या हाताला लेखणीची सवय नव्हती त्यांचं पहिलं लिखाण छापलं. त्यातून दलित साहित्याची केवढी मोठी फळी उभी राहिली हे मराठी वाचकाला सांगायला नको. ते लिखाण ‘छान’ नव्हतं. प्रमाण मराठीचे नियम त्यात मोडलेले होते, वाक्यं खडबडीत होती. आजच्या कुठल्याही यंत्राला ‘हे सुधारून दे’ म्हटलं असतं तर त्यानं ते खडबडीतपण सगळ्यात आधी घासून टाकलं असतं. आणि त्याबरोबर आतला माणूसही गेला असता.

इथं मला पुन्हा नाथांकडं यावं लागतं, कारण त्यांनी केलेलं दुसरं एक काम आपल्या आजच्या प्रश्नाला फार जवळचं आहे. ज्ञानेश्वरी १२९०मध्ये सांगितली गेली. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या हातोहात नकला होत गेल्या. लिहिणाऱ्याच्या चुका शिरल्या, कुणी अवघड शब्द सोपे केले, कुणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. मूळ कुठलं आणि भर कुठली हे कळेना. एकनाथांनी जुन्या पोथ्या मिळवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ला, शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी बजावून ठेवलं की यात आता कुणी आपली ओवी घालू नये. ते स्वतः किती मोठे कवी! दहा ओव्या घातल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी घातली नाही. ज्या हातानं देवगिरीवर एक पै शोधली होती त्याच हातानं हे काम झालं, असं मला नेहमी वाटतं.

आज मराठीत यंत्रानं लिहिलेल्या मजकुराचा पूर आला आहे. शुभेच्छा, श्रद्धांजल्या, लेख, कविता, बातम्या. उद्याची यंत्रं यावरच शिकतील, म्हणजे नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल. इंग्रजीच्या मानानं आपला मजकूर जाळ्यावर मुळातच थोडा. परभणीच्या बाजारातली बोली, पैठणच्या विणकरांचे शब्द, वाळूजच्या शेडमधली भाषा, शेतात बोंडअळी आली की बाया आपसांत काय बोलतात ते, यातलं फारच थोडं कुणी लिहून ठेवलं आहे. जे लिहिलं गेलं नाही ते यंत्राला ठाऊक नाही, आणि त्याला ते ठाऊक नसल्याचंही ठाऊक नाही. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. पण आता नाथांसारखे पोथ्या ताडून बघणारे, आणि जे लिहिलं गेलं नाही ते लिहून ठेवणारे लोक हवेत. हे काम बसून केलं तर ती खरी नवनिर्मिती होईल, आणि ती करायला कुणा मोठ्या कंपनीची परवानगी लागत नाही.

शहरात तशी उमेद आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ऑरिक ही उद्योगनगरी उभी राहतेय. सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेनं मॅजिक नावाची संस्था काढून नव्या कल्पना घेऊन येणाऱ्या पोरांना बसायला जागा आणि विचारायला माणसं दिली आहेत. राज्य सरकारनं २०२५मध्ये शेतीत एआय आणण्यासाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्याला ५०० कोटी रुपये ठेवले. हे सगळं हवंच आहे. मोसंबीच्या बागेवर रोग येण्याआधी जालन्याच्या शेतकऱ्याला फोनवर सूचना मिळाली तर त्याहून चांगलं काय? फक्त ती सूचना चुकली तर ‘माझ्या बागेत असं नसतं’ म्हणणारा शेतकरी तिथं उभा असला पाहिजे, आणि त्याचं म्हणणं यंत्रापर्यंत नेणारी पोरगी त्याच जिल्ह्यातली असली पाहिजे. ती पोरगी आज बहुधा आमच्या पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षात आहे.

तर, पिशवीत कागदपत्रं घेऊन आलेल्या त्या आईवडिलांना माझं सांगणं आहे. पोराला एआय वापरू द्या, बिनधास्त वापरू द्या. पण एक काम असं असू द्या जे तो मशीनला विचारल्याशिवाय पहिल्यापासून शेवटापर्यंत स्वतः करतो. घरचा वर्षाचा हिशेब असेल, मोटारीचं दुरुस्तीकाम असेल, आजीच्या तोंडच्या शब्दांची वही असेल. त्यात त्याला अडू द्या. चट्‌दिशी उत्तर सांगू नका.

शिक्षकांना विनंती एवढीच, की रिपोर्ट किती पानांचा झाला हे बघू नका. मुलाला समोर बसवा आणि विचारा, यात चूक कुठं असू शकते, दाखव. ज्याला दाखवता येईल त्याला मार्क द्या, मग रिपोर्ट कुणीही लिहिलेला असो.

आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या माझ्या मित्रांनो, ज्यांची आज स्वतःची शेड आहे त्या सगळ्यांनो, तुम्ही स्वतः हेल्पर होतात. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१पासून आहे, पण मी कायद्याचं बोलत नाही. यंत्रानं तुमचा जो पैसा आणि जो वेळ वाचवला आहे, त्यातला थोडा एका नवख्या पोरावर, एका नवख्या पोरीवर खर्च करा. पहिले सहा महिने त्यांच्या हाती कानस द्या, गेज द्या, रिजेक्शनची पेटी द्या, आणि कॅमेऱ्यानं पास केलेला जॉब त्यांना पुन्हा उजेडासमोर धरून पाहायला लावा. येत्या जूनला नवी बॅच बाहेर पडेल, तेव्हा शेडच्या फाटकावर ‘अनुभवी पाहिजेत’ अशी पाटी लावण्याआधी एकदा पॉलिटेक्निकला येऊन जा.